पुण्यातून लागणारा दिवा

बल्बच्या खोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हा बल्ब उघडू नये, आत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. मी उघडतो. ओतूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. तिथे टेबलावर आलेल्या बहुतेक बल्बांच्या आत दुरुस्त करण्यासारखं काहीतरी निघालेलं आहे. कधी एक जळका ठिपका, कधी फुगलेला कपॅसिटर, कधी नुसता सुटलेला टाका. ही फुशारकी वाटली तर वाटू दे. तेवढी मला परवडते, कारण बाकीच्या बाबतीत माझं मन फार खातं.

दुरुस्तीवाल्याला लोक दोनच गोष्टी विचारतात, किती होतील आणि कधी मिळेल. तू हे आमच्या घरात बसवलंस ते बरं केलंस का, असं कुणी विचारत नाही. ते माझं मीच विचारत बसतो. बायको म्हणते, "लोकांचा पंखा बंद पडला तरी तुम्हीच तोंड पाडून बसता." खरं आहे. पण स्मार्ट बल्बांच्या बाबतीत तोंड पाडून बसायला मला सबळ कारण मिळालं, आणि ते सांगायलाच हे लिहितो आहे.

ज्यांच्या घरी हा प्रकार नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. साधा बल्ब भिंतीवरच्या बटणाचं ऐकतो. स्मार्ट बल्ब मोबाइलचं ऐकतो. त्याच्या पोटात दिव्याबरोबर एक चिमुकली पट्टी असते, ती घरातल्या वायफायला जोडलेली असते आणि वायफायमधून थेट कंपनीपर्यंत. मग माणूस कुठेही असो, मोबाइलवर बोट ठेवलं की घरातला दिवा लागतो किंवा विझतो. अट एकच, भिंतीवरचं बटण कायम चालू पाहिजे. ते बंद केलं की आतली पट्टीही मेली. आणि जन्मभर खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करायची शिकवण मिळालेल्या आमच्या लोकांना नेमकी हीच अट पाळता येत नाही.

या बल्बांची आणखी एक खोड आहे. भराभर चारपाच वेळा बंदचालू झाले की त्यांना वाटतं मालकाने आपल्याला नव्याने जोडायला काढलंय. मग ते जुनं सगळं विसरतात आणि नुसती उघडझाप करत बसतात. वाऱ्यावादळात आमच्याकडची वीज बटणाला हात न लावता हेच करते. अवसरी बुद्रुकचे एक पाहुणे असा बल्ब पिशवीतून घेऊन आले. बल्बच्या मानेला काळ्या दोऱ्याने लिंबू आणि मिरच्या बांधलेल्या.

"भाऊ, ह्यो येकटाच उघडझाप करतोय. कुनी हात बी लावंना," ते म्हणाले. "मंडळी म्हनली, नदीत सोडून या."

"मग इथं कसा आणला?"

"नदी वाटंतच व्हती. पर म्हनलं, आदी तुमाला दावावा."

मी त्यांच्यासमोर बल्ब पुन्हा जोडून दिला. उघडझाप थांबली. मी लिंबू सोडायला लागलो तर माझा हात धरून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. तुमी तुमचं केलं, त्यानं त्याचं केलं."

असली गिऱ्हाइकं मला आवडतात. निदान बल्बवर त्यांचा संशय तरी असतो. माझा नव्हता, तिथेच मी चुकलो.

पिंपळवंडीच्या शिवारात हौसामावशी एकट्या राहतात. नात्याने माझ्या कुणी नाहीत, पण त्यांच्या विहिरीवरची जळालेली मोटर मी इतक्या वेळा नव्या तारेने भरून दिली आहे की मावशी म्हणायची सवय लागली. नवरा वारलेला, थोडं रान, चार शेळ्या, एक गाय. मुलगा संदीप पुण्यात चांगल्या नोकरीला. गुणी मुलगा आहे, हे आधीच सांगतो. आईची काळजी त्याला खरोखर आहे. त्या काळजीपोटीच त्याने घरी फायबरचं इंटरनेट घेतलं आणि मला फोन करून पडवीत, स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत आणि गोठ्यात स्मार्ट बल्ब लावायला सांगितलं. अंधारात आईने बटणं चाचपडू नयेत आणि बिबट्याच्या भीतीने अंगण उजळलेलं असावं, एवढाच त्याचा हेतू. माल आमच्या इथल्या कांतीशेठच्या दुकानातला. शेठचं कुटुंब मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्यांपासून ओतूरचंच, आणि भावात घासाघीस करताना माझ्यापेक्षा अस्सल मराठी बोलणारं.

बल्ब लागले. संध्याकाळी पुण्यातून दिवे लागायचे, रात्री पुण्यातून विझायचे. पण मावशी सवयीने बटण बंद करायच्या. मग संदीपच्या मोबाइलवर बल्ब गायब, आणि त्याचा मला फोन, "भाऊ, जरा बघून या ना." दोनतीन हेलपाटे झाल्यावर तो म्हणाला, "बटणच काढून टाकता येणार नाही का?" येतं. आमच्या धंद्यात त्याला डायरेक्ट करणं म्हणतात. बटणाच्या दोन तारा एकमेकींना जोडायच्या, टेप मारायची आणि वर कोरी पट्टी बसवायची. मी चारी बटणं काढली. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"मंग म्या दिवा लावायचा कसा?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कशाला लावायचा, मावशी? संदीप लावतोय की."

मी पाना, टेस्टर पिशवीत टाकून निघालो.

शिवारातली घरं एकमेकांपासून लांब असतात. दोन घरांच्या मध्ये ऊस, मका, ओढा. संध्याकाळी कोण कसं आहे हे बघायला कुणी कुणाच्या दारात जात नाही. पडवीतला दिवा बघतात. लागला की बाई घरात आहे, हिंडतेफिरते आहे. रोजच्यापेक्षा उशिरा लागला तर कुणीतरी बांधावरून हाक मारतं. लागलाच नाही तर बॅटरी आणि काठी घेऊन जातात. हे कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी बोलूनही दाखवत नाही. मी स्वतः शिवारातच वाढलो आहे. तरी ती बटणं काढताना हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मावशींची जाऊ पारूबाई ओढ्याच्या पलीकडे राहतात. पावसाळा संपतानाच्या एका दुपारी मावशी गोठ्यात शेळीच्या दाव्यात पाय अडकून पडल्या. मनगट मोडलं, कंबर धरली, उठता येईना. हाका मारल्या, पण मध्ये ऊस उभा होता. संध्याकाळी रोजच्या वेळेला पुण्यातून दिवे लागले. पडवी उजळली, स्वयंपाकघर उजळलं, मावशींच्या डोक्यावरचा गोठ्यातला बल्बही लागला. पारूबाईंनी पलीकडून पाहिलं, दिवा आहे. संदीपने मोबाइलवर पाहिलं, दिवा आहे. रोजच्या वेळेला सगळे दिवे शिस्तीत विझले. मावशी अंधारात शेणात पडून राहिल्या. सकाळी न सोडलेल्या शेळ्यांचं ओरडणं ऐकून पारूबाई आल्या, तेव्हा त्या सापडल्या.

हे मला कळलं ते मावशींच्याच तोंडून. हात प्लास्टरमध्ये, पारूबाई सोबतीला, अशा त्या दुकानात आल्या आणि चांगल्या हाताने पिशवीतला बल्ब काढून काउंटरवर ठेवला. वरचं पांढरं झाकण तडकलेलं, खोबणीत शेण वाळलेलं.

"हिनं उकिरड्यात फेकला व्हता," पारूबाई म्हणाल्या. "मीच उचलून आनला. म्हनलं, पैशे पडल्यात त्याला."

"मावशी, हे माझ्यामुळे झालं," मी म्हणालो. मला त्यांच्याकडे बघवेना.

"पडले ते तुज्यामुळं न्हाई. शेळीमुळं," मावशी म्हणाल्या. "रातभर पडून ऱ्हायले ते तुज्यामुळं."

"मला बी बोल लाव की," पारूबाई म्हणाल्या. "दिवा लागला व्हता, मी म्हनलं हाय बाई घरात. भाकर खाऊन झोपले निवांत."

"तू गप. तुजी काय चूक? दिव्यानं खोटं सांगितलं." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "दिलीप, ह्याच्यातनं माजं पोरगं बाहेर काढ. आन माजी बटनं मला परत दे."

बटणं त्याच दिवशी दुपारी जाऊन बसवून दिली. ते सोपं होतं. अवघड पुढे होतं. संदीप रजा टाकून गावी आला होता आणि त्याने ठरवलं होतं की शेळ्या विकायच्या, गाय पारूबाईंना द्यायची आणि आईला पुण्याला न्यायचं. नाहीतर मग घरात चार कॅमेरे. तो कांतीशेठच्या दुकानातून कॅमेऱ्यांची खोकी घेऊनच माझ्याकडे आला. शेठही मागोमाग आले.

"भाऊ, आजच बसवा," संदीप म्हणाला.

"मी बसवणार नाही."

"का?"

"आधी तू दिवा बघत होतास आणि आईला बघत नव्हतास. आता कॅमेरा बघशील. मीटिंगमध्ये असलास की तोही बघणार नाहीस."

"मग काय करू मी? रात्रभर पडली होती ती. मला झोप लागत नाही." त्याचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "तुम्ही नाही बसवले तर दुसरा कुणी बसवेल."

"बसवू दे. माझ्या हाताने नाही. एकदा मी तुझं ऐकून तिच्या हातातलं बटण काढून घेतलं. दुसऱ्यांदा घेणार नाही."

कांतीशेठ काउंटरवरचा तडकलेला बल्ब हातात फिरवत होते. "दिलीपभाऊ, हा तरी बदलून घ्या. कंपनी नवा देते. पण उघडलात तर देणार नाही. आणि उघडून काही झालं तर जबाबदारी तुमची."

"जबाबदारी माझीच आहे, शेठ," मी म्हणालो आणि त्यांच्या हातातून बल्ब घेतला. "झाकण काढून दाखवू का?"

"तुमच्यासारखे आणखी दोघं गावात असते तर मी आत्तापर्यंत किराणा दुकान घातलं असतं," शेठ म्हणाले. पण जायचं सोडून स्टुलावर बसले. संदीपही थांबला.

असा बल्ब उघडायचा म्हणजे आधी त्याच्याशी सबुरीने वागावं लागतं. झाकण चिकटवलेलं असतं. कडेने पातळ पातं फिरवायचं, मग दोन्ही अंगठ्यांनी दाब देत गोल फिरत जायचं. टक असा आवाज होतो आणि झाकण सुटतं. खाली ॲल्युमिनियमची गोल चकती, तिच्यावर डाळीच्या दाण्यांसारखे पिवळे ठिपके. तेच दिवे. चकती उचलली की खाली वीज उतरवणारं सर्किट, आणि त्याच्यावर उभी खोचलेली ती चिमुकली पट्टी. तिच्या टोकाला तांब्याची नागमोडी रेघ असते. ती रेघ म्हणजे अँटेना. इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. बल्ब होल्डरमधून काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, आणि चालू असताना आतल्या प्रत्येक टाक्यावर घरातली पूर्ण वीज खेळत असते. माहिती नसेल त्याने घरी हा उद्योग करू नये. माझ्या उजव्या हाताच्या बोटावर एक पांढरा डाग आहे, तो याच माहितीची किंमत आहे.

मावशींच्या बल्बमधले दिवे शाबूत होते. पट्टीही जिवंत होती. मी संदीपला ती दाखवली.

"ही पट्टी कंपनीचं ऐकते, म्हणून तुझं ऐकते," मी म्हणालो. "हिच्यातली कंपनीची शिकवण पुसून टाकता येते आणि दुसरी भरता येते. मग ती आपलं ऐकते."

"म्हणजे मी परत मोबाइलवरून लावू शकेन?"

"नाही. तू नाही लावायचा."

काय करायचं हे मला बोलता बोलताच सुचत गेलं. मावशींच्या घरातला दुसरा एक बल्बही मी उघडायला घेतला. त्याची पट्टी काढून जुन्या मोबाइल चार्जरवर चालेल अशी जोडली आणि ती मावशींच्या पडवीच्या बटणाखाली ठेवायचं ठरवलं. वर दिवा मात्र साधा. मावशींनी आपल्या हाताने बटण दाबलं की दिवा लागणार आणि त्याच विजेवर पट्टी जागी होऊन इंटरनेटवरून निरोप देणार की दिवा लावला आहे. बटण बंद केलं की पट्टीही गप्प. आणि उकिरड्यावरचा बल्ब जायचा पुण्याला, संदीपच्या घरात. पिंपळवंडीचा निरोप येत असेल तोपर्यंत तो लागलेला राहणार. निरोप थांबला की विझणार. त्याला मोबाइलचं ॲप नाही. मावशींच्या बोर्डावर मी एक हिरवा ठिपकाही बसवणार होतो, पुण्याचा बल्ब चालू आहे हे सांगणारा. पुण्याच्या घरात त्याचं बटण बंद केलं तर तो ठिपका विझणार, म्हणजे त्यांनाही कळणार की पोराने दिवा बंद करून ठेवलाय.

हे सगळं करायला मला बरेच दिवस लागले. पट्टीला नवी शिकवण भरायचं काम मी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून शिकलेलो, आणि व्हिडिओत दाखवतात ती पट्टी आणि आपल्या हातातली पट्टी कधीच सारखी नसते. एक पट्टी मी जाळली. शेठनी मागच्या खोलीतल्या परत आलेल्या मालाच्या पोत्यातून दुसरा बल्ब आणून दिला. "हे मी दिलं नाही आणि तुम्ही घेतलं नाही," एवढं बोलून गेले. तोवर आई पारूबाईंकडे राहील आणि कॅमेरे थांबतील, यावर संदीप तयार झाला होता.

मग एका रविवारी मावशींच्या पडवीत आम्ही सगळे बसलो. मावशींनी बटण दाबलं. वर दिवा लागला, आणि संदीपच्या हातातल्या वायरीला लटकणारा दुसरा बल्बही थोडा विचार करून लागला. मावशींनी दिव्याला हात जोडले, मग मुलाकडे वळल्या.

"ह्यो तुज्या घरात लाव. मी लावीन तवा लागंल. लागला तर गप आपलं काम कर. न्हाई लागला तर फोन कर, आन पारूला बी कर."

"आणि तू फोन उचलला नाहीस तर?"

"पारू उचलंल. ती रिकामीच असती."

"रिकामी," पारूबाई म्हणाल्या. "हिच्या शेळ्या कुनी सांबाळल्या इतकं दिस?"

संदीप हसला नाही. "एक महिना बघतो," तो म्हणाला. "महिन्यात पुन्हा काही झालं, तर शेळ्या विकायच्या आणि तू माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. टाके मारून जोडलेल्या माझ्या दोन पट्ट्यांवर त्या बाईचं घर टांगलेलं होतं.

"कबूल," त्या म्हणाल्या.

तो महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. संध्याकाळ झाली की दुकानात माझं लक्ष लागायचं नाही. एकदा खरोखरच दिवा लागला नाही. संदीपचा घाबरलेला फोन आला, मी मोटरसायकल काढली. पोचलो तर सगळं शिवार अंधारात. वीजच गेली होती. पडवीत पारूबाई बॅटरी घेऊन बसल्या होत्या आणि दोघी भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मी येण्याच्या कितीतरी आधी त्या ओढा ओलांडून आल्या होत्या. माझ्या यंत्राने त्यांना काही सांगितलं नव्हतं. समोरची पडवी काळी दिसली, एवढं त्यांना पुरलं होतं. हेही मी लिहून ठेवतो, कारण लोक माझ्या बल्बचं कौतुक करतात तेव्हा मला ते पूर्ण घेववत नाही.

तरी बल्ब उघडल्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. कंपनीने तो उघडू नये म्हणून चिकटवला, कारण उघडला तर त्यात कुणाचा हात चालतो ते दिसतं. मला ते दिसलं आणि मी हात बदलला. हा गुन्हा असेल तर माझ्या टेबलावर अजून पोतंभर पुरावा पडला आहे. शेठ दर आठवड्याला त्यात भर घालतात. येतील त्यांचे बल्ब मी उघडणार आहे. घरातली बटणं काढून द्या म्हणून येतील त्यांना आधी विचारणार आहे की संध्याकाळी त्या घरात दिवा कोण लावतं. उत्तर पटलं नाही तर काम करणार नाही. यापायी दोनतीन गिऱ्हाइकं तुटली आहेत, तुटू देत.

महिना संपला त्या संध्याकाळी संदीपचा फोन आला. नाव बघूनच मी मोटरसायकलची किल्ली उचलली. मला वाटलं, आईला न्यायला येतोय, किंवा आईला काही झालंय.

"भाऊ, तो बल्ब बंद होत नाहीये," तो म्हणाला.

"चालू आहे ना?"

"चालूच आहे. जेवणं झाली, पोरांना झोपायचंय. हॉलमध्ये लावलाय तो. बंद कसा करायचा?"

"बटण आहे की."

"बटण बंद केलं की तिचा हिरवा ठिपका जातो. परवा केलं तर लगेच फोन आला, दिवा का इझवला म्हणून. अर्धा तास बोलणी खाल्ली. दुसरी काही सोय नाही का?"

"आहे. आईला फोन कर, म्हण दिवा घालव."

"केला होता." मागे पोरांचा दंगा ऐकू येत होता. "म्हणते पारूकाकू आलीय, गप्पा चालल्यात, इतक्यात नाही घालवायचा."

"मग थांब," मी म्हणालो.